नेलिया बोर्बाचे ठसे

डॉक्टर पेनरना एक सवय होती. काही नकोसं सांगायचं असलं की आधी घसा खाकरायचा, मग चष्मा काढून स्वेटरला पुसायचा, आणि मग लग्नाचा लाडू वाटल्यासारखं म्हणायचं, "मित्रहो, ही गोष्ट तर तुम्हाला फारच आवडणार आहे."

कम्युनिटी कॉलेजातल्या पहिल्याच तासाला हे तीनदा झालं. पहिल्यांदा एकशे चाळीस पानांचं वाचन निघालं. दुसऱ्यांदा दर गुरुवारी एक निबंध. तिसऱ्यांदा चष्मा खाली आला तेव्हा शेवटच्या रांगेतल्या नेलिया बोर्बानं बाकाची कड घट्ट धरली.

"तीस तास," डॉक्टर पेनर म्हणाल्या. "हायस्कुलात शिकवायचंय ना तुम्हाला? मग आधी हायस्कुलाच्या वर्गात मागे बसून तीस तास नुसतं बघायचं. बोलायचं नाही, शिकवायचं नाही, शहाणपणा करायचा नाही. पण शाळेत पाय टाकण्याआधी तुमच्या बोटांचे ठसे सरकारकडे जाणार आणि सरकार म्हणणार, 'हरकत नाही.' शुक्रवार, पाच ऑक्टोबर. तोवर ज्याचा होकार आला नाही, त्याचं नाव मी यादीतून काढते. माझ्यापुढे रडू नका. मी लगेच सोबत रडते, आणि नाव तरीही काढते."

पोरं हसली. एकोणीस-वीस वर्षांची, खुर्चीत सांडल्यासारखी बसलेली पोरं. नेलिया हसली नाही. ती एकेचाळीस वर्षांची होती आणि या एका खुर्चीसाठी तिनं पहाटेची धार सोडून दुपारची घेतली होती.

त्यांच्या गावात पहाटेची धार म्हणजे मान. जर्मानो सिल्वेरांच्या गोठ्यात नऊशे गाई, आणि पहाटेच्या पाळीचा सगळा कारभार बावीस वर्षं नेलियाच्या हातात. नवा गडी आला की औषधपाण्याचं मिश्रण तीच शिकवायची. "शंभराला दोन, तर साठाला किती? बोटं मोजू नकोस, भिंतीकडे बघ." गाईंच्या पुठ्ठ्यावर खूण करायचा निळा खडू घेऊन ती भिंतीवर चौकोन काढायची, चौकोनाचे तुकडे करायची, आणि ज्याला शाळेनं ढ म्हणून सोडलं होतं तो गडी तिसऱ्या दिवशी दुसऱ्याला शिकवायला लागायचा. तिओ जर्मानो, म्हणजे मालक, सगळ्या गावाचेच ते तिओ, म्हणजे काका, दारात उभे राहून ओरडायचे, "हा गोठा आहे की शाळा? पुसा ती भिंत!" पण पुसून घेतली कधीच नाही. एकदा मात्र म्हणाले, "पोरी, तू चुकून भलत्याच जनावरांत आलीस."

ते वाक्य तिला कानात गेलेल्या पाण्यासारखं झालं. निघेचना. सतराव्या वर्षी बापाचं कंबरडं मोडलं म्हणून शाळा सुटली होती. पुढे रात्रशाळेतून परीक्षा दिली आणि कागद कपाटात ठेवला. तो कागद काढून ती कॉलेजात गेली. दोन वर्षं इथे, दोन वर्षं मोठ्या विद्यापीठात, मग शिक्षकीचं एक वर्ष. तिची मावशी तिया झुल्मीरा, जिच्या घरात ती राहायची, हा हिशेब ऐकून म्हणाली, "म्हणजे तू बाई होशील तोवर मी फोटोत असेन. बरं दिसेल का बघ, हार घातलेला."

"तिया, तू मला पुरून उरशील."

"तेही खरंच आहे म्हणा."

ठसे घ्यायचं दुकान डोनटवाल्याच्या आणि धोबीघराच्या मधे होतं. तिथे मिस्टी नावाची मुलगी बसायची. बोलताना डोळे अर्धे मिटायची, आणि तिच्या लेखी जगातला प्रत्येक माणूस 'हनी'.

"हात सैल सोडा, हनी. सैल. बोट मी फिरवते, तुम्ही नाही. हनी, तुम्ही मलाच ओढताय."

"सवय आहे," नेलिया ओशाळून म्हणाली.

"हात म्हणजे मेलेला मासा समजा."

नेलियानं मासा व्हायचा फार प्रयत्न केला. पण बावीस वर्षं गाईच्या सडाला यंत्राच्या वाट्या लावणारा हात मासा कसला होतो! शेवटी मिस्टीनं दोन्ही हातांनी तिचं मनगट धरून एकेक बोट काचेवर लोळवलं. पडदा बघून तिचे अर्धे डोळे पूर्ण उघडले. बाकीच्यांच्या बोटांवर नांगरलेलं शेत दिसतं. नेलियाच्या बोटांवर तलाव होता. सपाट.

"हनी, काय काम करता तुम्ही?"

"धार काढते."

"गाईची? अजून काढतात?"

"मग दूध कुठून येतं?"

"मी बदामाचं पिते," मिस्टी म्हणाली, आणि जे उमटलं होतं ते पाठवून दिलं.

खरी गंमत पुढच्या खोलीत झाली. तिथे कॉलेजचा एक फॉर्म भरायचा होता. चौदावा प्रश्न: आजवर कुठल्याही अधिकाऱ्यानं तुमच्यावर कारवाई केली आहे का? ठसे द्यायला आलेल्या वर्गातल्या बाकी पोरांनी 'नाही'च्या चौकटीत फुली मारून पेन खाली ठेवलं. नेलियाचं पेन हवेतच राहिलं, कारण एकोणीस वर्षांची असताना तिच्या हातून एक प्रकार घडला होता.

त्यांच्या लोकांत, म्हणजे आसोरिशच्या बेटांवरून येऊन कॅलिफोर्नियाच्या या खोऱ्यात गोठे थाटलेल्या पोर्तुगीज लोकांत, पवित्र आत्म्याची फेश्ता असते. त्या सणात गाई सजवून गावातून मिरवतात, आणि मिरवणूक जिथे थांबेल तिथे धार काढून ते दूध येईल त्याला फुकट द्यायचं, सोबत गोड पाव. त्या वर्षी धारेला नेलिया बसली होती, सिल्वेरांच्या एस्त्रेला नावाच्या गाईखाली. बायका-पोरं पेले घेऊन रांगेत. तेवढ्यात पांढऱ्या शर्टातला आरोग्य खात्याचा एक माणूस रांग मोडून पुढे आला, हातात थर्मामीटर. न तापवलेलं दूध लोकांना वाटणं कायद्यात बसत नाही, असं तो म्हणाला. निदान नेलियाला तसं वाटलं, कारण बँड वाजत होता. त्यानं वहीत काहीबाही लिहून कागद फाडला. तो कागद तिओ जर्मानोंनी पटकन आपल्या खिशात घातला, "मी बघतो, तू धार काढ," म्हणाले, आणि त्यावर पुन्हा कधी कुणी अवाक्षर काढलं नाही. एवढंच. पण नेलियाच्या मनात तो कागद अजून कुठल्यातरी कचेरीत उघडा पडलेला होता.

तिनं 'हो'वर फुली मारली. तपशिलासाठी दीड ओळ होती. ती पुरली नाही, म्हणून समासात लिहिलं, समास वळसा घालून पानामागे गेली, आणि शेवटी प्रामाणिकपणानं नोंदवलं: 'अंदाजे चाळीस पेले. कुणी आजारी पडलं नाही.'

अठरा सप्टेंबरला सरकारचं पत्र आलं. वर ठळक अक्षरांत: अस्वीकृत.

नेलियानं तेवढा एक शब्द वाचला, पत्राची घडी केली आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून राहिली. तिया झुल्मीरा चण्यांतले खडे निवडत होती.

"काय गं? कोण गेलं?"

"मी."

सगळं ऐकून झाल्यावर तिया चण्यांकडे बघत म्हणाली, "तरी मी म्हणत होते, फॉर्मात कशाला लिहिलंस? पाद्र्यालासुद्धा आपण सगळं सांगत नाही. विचारलं तेवढंच सांगायचं."

"विचारलंच होतं!"

"मग थोडं कमी सांगायचं. चाळीस पेले कशाला लिहायचे? वीस लिहायचे."

गुरुवारी निरोप घ्यायचा म्हणूनच नेलिया कॉलेजात गेली. शेजारच्या बाकावरच्या डेस्टिनीनं, जी प्रत्येक वाक्य 'म्हणजे ना'नं सुरू करून 'वगैरे'वर सोडून द्यायची, तिचा चेहरा बघून विचारलं, "म्हणजे ना, मिस नेलिया, तुम्ही ठीक आहात ना वगैरे?" नेलियानं मान हलवली. तास संपल्यावर पोरं गेली. ती डॉक्टर पेनरांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली आणि पाठ केलेलं एका दमात म्हणाली, "मी गुन्हेगार असल्यामुळे मला वर्ग सोडावा लागतोय, आपण फार छान शिकवता, धन्यवाद."

डॉक्टर पेनरांनी चष्मा काढला नाही. उलट दुसरा चष्मा चढवला.

"काय केलंत तुम्ही?"

"दूध वाटलं."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

त्यांनी हात पुढे केला. पत्र उलगडलं. वरचा शब्द वाचला, आणि मग खाली, खाली, खाली वाचत गेल्या. नेलियानं तिथवर डोळा नेलाच नव्हता. मग पत्र तिच्याकडे वळवून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हे वाचा. मोठ्यानं."

"'ठशांच्या रेषा... अपुऱ्या स्पष्ट... असल्यामुळे... पुन्हा ठसे द्यावेत.'"

"तुम्हाला नाकारलेलं नाही. तुमच्या बोटांना नाकारलंय. माझा भाऊ गवंडी आहे, त्याचंही असंच झालं होतं. चुन्यानं खाल्ली होती बोटं. तुम्ही गोठ्यातल्या, तुमचं आयोडीन असेल."

नेलियानं आपले हात असे बघितले जणू कुणी आत्ताच तिच्या मनगटाला चिकटवलेत. रोज नऊशे गाई, प्रत्येक सडाला जंतू मारायला आयोडीन, आणि हातमोजे घाल म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर: गाईला हात कळतो, रबर कळत नाही. आता सरकारला हात कळेना.

"दहा दिवस," डॉक्टर पेनर म्हणाल्या. "दहा दिवस आयोडीन नाही, साबण नाही, भांडी नाहीत. रात्रंदिवस मलम. रेषा परत येतात. माझ्या भावाच्या आल्या. मग ठसे द्या. पाच तारखेच्या आत बसेल, पण बसवावं लागेल."

"आणि रेषा आल्या, तर ते दूध निघेल ना त्यात?"

डॉक्टर पेनरांनी तोंडावर हात धरला. रडू आलं की हसू, नेलियाला कळलं नाही. "ते मला माहीत नाही, बाई. मी गणित शिकवायचे. दूध माझा विषय नाही."

म्हणजे आता दोन गाठी. एक, दहा दिवस दुपारची धार कोण काढणार. दुसरी, एकोणीस वर्षांच्या नेलियानं केलेली. दोन्हींसाठी जावं लागणार होतं एकाच माणसाकडे.

तिओ जर्मानो ओसरीवर बसले होते, पाय पाटावर, दोन्ही गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या. दहा दिवसांचं ऐकून त्यांनी आकाशाकडे बघितलं. बोलताना आधी आकाशाशी बोलायचे, मग माणसाशी. "ऐकतोयस ना रे बाबा? पहाट सोडली, मी गप्प. आता दुपार सोडते. उद्या म्हणेल, गाई घेऊन जा, मला वर्गाला जागा हवी." मग तिच्याकडे वळून, "आणि सप्टेंबरात माणूस कुठून आणू? सगळे द्राक्षांच्या तोडणीला गेलेत."

"मला माहीत आहे, तिओ. नसेल जमत तर..."

"नसेल जमत असं कोण म्हणालं? मी उतरेन."

"तुम्ही? गुडघे?"

"गुडघे माझे, गोठा माझा, मूर्खपणाही माझा. मीच म्हणालो ना, भलत्या जनावरांत आलीस. तोंड गप्प ठेवलं असतं तर आज आरामात बसलो असतो." त्यांनी एक बर्फाची पिशवी उचलून बाजूला टाकली. "आणखी काय? तुझं तोंड अजून दुसरं काहीतरी बोलायचंय म्हणतंय."

मग तिनं विचारलं. फेश्ता, थर्मामीटर, तो कागद. दंड भरला की नाही? कुठे आहे तो? सरकारकडे माझं नाव आहे का?

तिओ जर्मानो आधी तिच्याकडे बघत राहिले. मग आकाशाकडे. मग त्यांना हसू आलं, असं की ओसरीचा पाट हलला, आणि आतून त्यांच्या बायकोनं विचारलं, कुणाचा घास अडकलाय का.

"अगं, ती नुसती ताकीद होती! पुन्हा करू नका म्हणून. आणि तो काय विचारत होता तुला? 'नाव?' आणि हात कुठे होता त्याचा? गाईच्या पाठीवर! बँड वाजतोय, तू घाबरलेली, तू ओरडून सांगितलंस, 'एस्त्रेला!' त्यानं विचारलं, 'आडनाव?' तू माझ्याकडे बोट दाखवलंस!" त्यांनी डोळे पुसले. "ताकीद एस्त्रेला सिल्वेरा हिला आहे, पोरी. तिला शिक्षिका व्हायचं असतं तर अडचण होती."

नेलियाला हसायला यायला थोडा वेळ लागला. आधी तिचे खांदे खाली आले, कित्येक वर्षं वर राहिल्यासारखे. मग ती पायरीवरच बसली. मग तिला हसू आलं, आणि ते थांबेना.

पुढचे दहा दिवस घरात नुसता गोंधळ. तिया झुल्मीरानं तिच्या हातांचा ताबा घेतला. कासेला लावायचं पिवळं मलम सकाळ-संध्याकाळ चोळायचं, वर सुती पांढरे हातमोजे. भांडी नाहीत, धुणं नाही, कांदा नाही, लिंबू तर नावही काढायचं नाही. "राणीसाहेब, पान वाढू का? की कुणी भरवू?" असं दर जेवणाला. कॉलेजात पांढऱ्या हातमोज्यांनी निबंध लिहिताना बघून डेस्टिनी म्हणाली, "म्हणजे ना, मिस नेलिया, तुम्ही जादूगार वगैरे दिसता." आणि दुपारी तीननंतर तासाला दोनदा फोन. धार काढणारा उभा राहतो त्या गोठ्यातल्या खड्ड्यातून तिओ जर्मानो.

"चारशे सतरा लाथ मारते का?"

"डाव्या पायानं. आधी तिच्याशी बोला."

"काय बोलू?"

"काहीही. पोर्तुगीजमधे."

मग फोन चालूच राहायचा, आणि सत्तर वर्षांचा मालक एका गाईला आपल्या गुडघ्यांची कहाणी सांगताना ऐकू यायचा.

एकोणतीस सप्टेंबरला, शनिवारी सकाळी, ती मिस्टीपुढे उभी राहिली. हातमोजे काढले. बोटं इतकी मऊ झाली होती की तिची तिलाच परकी वाटत होती. मिस्टीनं अंगठा काचेवर ठेवला. पडद्यावर एक फिकट वर्तुळ आलं, मग दुसरं. मिस्टी पुढे झुकली. तर्जनी. मधलं बोट. तिच्या तोंडून 'हनी' येईना. करंगळीला यंत्र एकदा थांबलं, लाल दिवा लागला. मिस्टीनं ती करंगळी आपल्या तळहातात धरून गरम केली, चिमणीचं पिल्लू धरल्यासारखी, आणि पुन्हा लोळवली. हिरवा.

"नांगरट आहे," मिस्टी म्हणाली. "कमी आहे, पण आहे."

होकार आला तीन ऑक्टोबरला, बुधवारी, दुपारी बाराच्या सुमारास. नेलिया कॉलेजच्या आवारात ट्रकमधे बसून डबा खात होती. फोन वाजला, सरकारची मेल. या वेळी तिनं पहिला शब्द वाचून घडी घातली नाही. वरपासून खालपर्यंत वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा. हरकत नाही. कसलीही नोंद नाही. खाली एक ओळ होती की या पत्राला उत्तर देऊ नये. तिनं तरी उत्तर दिलं. 'मिळालं. उपकार.'

घरी फोन लावला तर तिया झुल्मीरा एवढंच म्हणाली, "मग आज भांडी कोण घासणार?" आणि फोन न ठेवताच रडायला लागली.

नेलियानं स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. काचेवर टकटक झाली. आवारातला रखवालदार. "बाई, ही जागा प्राध्यापकांची आहे. हलवावी लागेल." ती माफी मागत, डोळे पुसत, हसत गाडी बाहेर काढायला लागली, तर तो घाबरून म्हणाला, "अहो, निवांत हलवा. एवढं काही नाही."

सोमवारी सकाळी ती हायस्कुलात होती. ऑफिसातल्या बाईनं तिच्या नावाचा कागदी बिल्ला छातीवर चिकटवला आणि नववीच्या बीजगणिताच्या वर्गाकडे बोट दाखवलं. मागच्या भिंतीशी एक खुर्ची होती. मांडीवर डॉक्टर पेनरांचा तक्ता: वेळ, काय घडलं, तुम्ही काय पाहिलं. बोलायचं नाही.

वर्गाचे शिक्षक होते मिस्टर काझारियन. उंच, आणि फळ्याकडे तोंड करून बोलायचे. रेषेचा उतार म्हणजे काय ते त्यांनी नीट सांगितलं, घाईघाईनं का होईना, आणि वळून विचारलं, "समजलं?" बत्तीस मुंड्या हलल्या. नेलियानं शेवटच्या रकान्यात लिहिलं: 'तिसरी रांग, खिडकीकडची मुलगी. सगळ्यांआधी मान हलवली. वहीत काही नाही. समजलेलं नाही.'

तास संपला. पोरं दाराशी एकमेकांना ढकलत बाहेर पडायला लागली. मिस्टर काझारियन मागे आले, सही करायला तक्ता घेतला, आणि सही करता करता थांबले. त्या रकान्यातलं दोनदा वाचलं.

"कुठली म्हणालात?" त्यांनी हळूच विचारलं.

नेलियाला क्षणभर आठवलं, बोलायचं नाही. पण त्यांनीच विचारलं होतं. तिनं दाराकडे बघितलं. निळं जाकीट, पाठीवर दप्तर, मुलगी उंबऱ्यापाशी पोचली होती.

"ती," नेलिया म्हणाली. "अजून गेली नाहीये. आत्ता हाक माराल तर थांबेल."